सुजा, गाडी जागची हलली नाही

सुजा,

तुझी फुग्याची गाडी शुक्रवारी जागची हलली नाही.

शिक्षकांची कार्यशाळा पुढे ढकलतील असं मला वाटलं होतं. रविवारी तू गेलीस आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी, दिवाळीच्या सुट्टीतच, ती ठरलेली होती. ठरली तेव्हा तू ठणठणीत होतीस आणि ती तूच घेणार होतीस. पण आसपासच्या शाळांना निरोप गेले होते, हॉल मिळाला होता. मोठ्या बाईंचा फोन आला, "स्मिता, आता तूच कर. तुलाच सगळं ठाऊक आहे."

लहान मुलांना बल आणि गती पुस्तकाऐवजी हातांनी कशी शिकवायची, याचे आपण दोघींनी बसवलेले प्रयोग मला ठाऊक होते, हे खरं. पण त्यातले निम्मे तुझ्याच हातात चालायचे, हे मोठ्या बाईंना मी कसं सांगणार? मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात जोर नव्हता.

कॅरमच्या सोंगटीचा प्रयोग झाला. उतारावरून गोटी सोडायचा झाला. मग तुझी गाडी काढली. पुठ्ठ्याचा तुकडा, बाटलीच्या बुचांची चाकं, रिकाम्या रिफिलमध्ये घातलेली खराट्याची काडी, वर स्ट्रॉला बांधलेला फुगा. फुगा फुगवून सोडला की हवा मागे जाते, गाडी पुढे पळते. तुझ्या वर्गात ती बाकांच्या खालून दारापर्यंत जायची आणि पोरं तिच्यामागे रांगत जायची. शुक्रवारी मी फुगा सोडला आणि ती जागच्या जागी थरथरली. हवा संपली. कोणीतरी हसलं, वाईट नाही, आपलं सहजच. मी चाकं सारखी केली, फुगा पुन्हा बांधला. या वेळी ती एक गिरकी घेऊन आडवी झाली.

मागच्या रांगेतले एक सर म्हणाले, "राहू द्या मॅडम, यावर छान व्हिडिओ असतात."

मी म्हटलं, "माझ्या मैत्रिणीची गाडी आहे ही. तिच्या हातात चालते."

त्यावर पुढे बसलेली एक तरुण बाई, कुठल्या शाळेची होती कोण जाणे, अगदी मनापासून म्हणाली, "मग त्यांना फोन लावून विचारा ना. आम्ही थांबतो."

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, सुजा. मीही नाही सांगितलं. मी म्हटलं, "आत्ता फोन लागणार नाही," आणि पुढचा प्रयोग घेतला. तो कुठला घेतला, हे आता आठवतही नाही.

घरी आल्यावर मी गाडी टेबलावर ठेवली आणि बघत बसले. तू काडी सैल ठेवायचीस की घट्ट? स्ट्रॉ सरळ असायचा की जरा वर? इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून मी पुठ्ठा कापला, बुचांना भोकं पाडली, आणि हे एवढं मी कधी विचारलं नाही. विचारायचं कशाला, तू होतीस ना.

कशापासून सुरू झालं हे सगळं, आठवतं तुला? शाळेत तुझी चौथी आणि माझी पाचवी, मध्ये फक्त एक पार्टिशन. एकदा तुझ्या वर्गात तपासणी होती. पोरं एका सुरात म्हणत होती, "बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे." तपासायला आलेले साहेब खूश. ते गेल्यावर तू एका मुलाला भिंत ढकलायला लावलीस. तो लालबुंद होईपर्यंत ढकलत राहिला. तू विचारलंस, "तू बल लावलंस का रे?" तो म्हणाला, "नाही बाई. भिंत कुठे हलली?" आणि सगळा वर्ग म्हणाला, नाही लावलं. थोड्या वेळापूर्वी सुरात म्हणणारी तीच पोरं. पार्टिशनच्या वरून मला तुझा आवाज आला, "स्मिते, इकडे ये, गंमत बघ." तुझ्या आवाजात गंमत नव्हती. तुला रडू आलं होतं.

तेव्हापासून आपले शनिवार सुरू झाले. सकाळची शाळा सुटली की लोअर परळच्या पुलावरून चालत डिलाईल रोडला तुझ्या चाळीत. तुझी आई आधी जेवायला घालायची, मग आपण पॅसेजमध्ये फतकल मारून बसायचो. तुझे नियम ठरलेले. वस्तू कुठल्याही पोराच्या घरात सापडणारी हवी. विकत आणायला लावायची नाही. प्रयोग पोरानं करायचा, बाईंनी लांब उभं राहायचं. आणि तुझा सगळ्यात लाडका नियम असा, की पोराच्या हातात तो पहिल्यांदा फसला पाहिजे आणि जरा डोकं लावल्यावर जमला पाहिजे. मी म्हणायचे, "फसलाच पाहिजे हा कसला नियम?" तू म्हणायचीस, "पहिल्या झटक्यात जमलं तर ते बघणार कशाला? टाळ्या वाजवतील आणि डबा खायला पळतील."

कॅरमवाला शनिवार आठवला की मला अजून हसू येतं. आता येतं आणि लगेच थांबतं. पॅसेजच्या टोकाला तुझे शेजारी अनंतकाका आणि त्यांचे तिघे दोस्त रोजचे खेळणारे. तू त्यांचा भर डावातला बोर्ड मागितलास. "काका, पाचच मिनिटं. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे." काका म्हणाले, "सुजाता, राणी घ्यायची वेळ आलीय आणि तू शिक्षण काय काढतेस?" पण त्यांनी दिला. आपण पावडर पुसून सोंगटी मारली, ती मध्येच थांबली. पावडर टाकून मारली, ती समोरच्या काठाला जाऊन आपटली. इतकं साधं. पण तू तिथे अडलीस. बोरिक पावडर लहान पोरांच्या हाताला लागणार, हात तोंडात जाणार. म्हणून तू घरातून तांदळाचं पीठ आणलंस. तुझी आई दारातून ओरडली, "अगं सुजे, भाकरीचं पीठ हाय ते! संध्याकाळी कॅरम चावून खायाचा का?"

पीठ चाललं. अनंतकाका स्वतः उकिडवे बसले आणि पिठावर सोंगटी मारत राहिले. "पावडरीएवढी नाही धावत," म्हणाले, "पण धावते." त्यांचा डाव राहिला तो राहिलाच. तू गेलीस त्या दिवशी तुझ्या दारात ते उभे होते. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

आपण भांडलोही किती. दोरीच्या प्रयोगावरून तू माझ्याशी आठवडाभर नीट बोलली नव्हतीस. माझ्या मते तो आपला सगळ्यात चांगला प्रयोग होता. गुळगुळीत फरशीवर दोन गोणपाटं, त्यावर समोरासमोर दोन मुलं, हातात एक दोरी. एक जड, एक हलका. जडानं फक्त दोरी धरून बसायचं, हलक्यानं ओढायचं. ओढणाराच सरकत धरणाऱ्याकडे जातो! पोरांचे डोळे एवढाले झाले होते. "बाई, ओढतोय पण हाच आणि जातोय पण हाच!" असं आश्चर्य मी वर्गात फार कमी वेळा बघितलंय.

पण जड म्हणून बसवलेला तन्मय दुपारभर मान वर करेना. पोरं त्याला बुलडोझर म्हणायला लागली होती. तू त्याच दिवशी सांगितलंस, हा प्रयोग बाद.

"अगं, पोरांनी चिडवलं तर पोरांना रागव," मी म्हटलं. "प्रयोगाचा काय दोष?"

"प्रयोगाचाच दोष आहे. वर्गात करायचा प्रयोग म्हणजे त्यात वर्गातली पोरंही आली. ती वगळून नाही बसवता येत."

"मग काय, सगळ्यांना फुलासारखं जपत बसायचं?"

"हो," तू म्हणालीस. एवढंच.

पुढच्या शनिवारी तू बुचांच्या दोन गाड्या घेऊन बसलीस, मध्ये रबरबँड, एकीवर खडे, दुसरी रिकामी. रबर ताणून दोन्ही सोडल्या की रिकामी धावत भरलेलीकडे जायची. तेच दिसायचं, पण मुलं जेवढी दोरीपाशी हरखली होती तेवढी नाही. मी तसं बोलून दाखवलं. तू म्हणालीस, "चालेल. थोडं कमी हरखू दे." तन्मयला तू खडे ठेवायचं काम दिलंस. किती ठेवायचे ते तो ठरवायचा आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचे.

दुसरं भांडण मात्र मिटलंच नाही. ते गोटीचं. तुझ्या वर्गातली सानिया म्हणाली होती, गोणपाटावर गोटी थांबते कारण ती दमते. फरशीवर उशिरा दमते, चादरीवर लवकर. तू तिला म्हणालीस, "अस्सं? बघत राहा मग." आणि विषय सोडलास. पार्टिशनपलीकडे माझा जीव वरखाली. शाळा सुटल्यावर भारतमाता सिनेमाच्या सिग्नलपर्यंत मी तुझं डोकं खाल्लं.

"घर्षण म्हणून सांगून टाक ना तिला. चुकीचं डोक्यात पक्कं झालं म्हणजे?"

"चुकीचं कुठे? गोटीला काहीतरी थांबवतंय, हे तिला कळलंय. कोण थांबवतंय, ते तिचं तिला सापडू दे."

"आणि नाही सापडलं तर? पुढच्या वर्षी माझ्या वर्गात येणार आहे ती. परीक्षेत काय लिहील, गोटी दमली?"

"लिहू दे की. वाचून तुला मजा येईल."

मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. मुलाला वाट दाखवायची, मान्य. पण अंधार पडायच्या आत हात धरून घरी आणायलाही हवं. तुला हे पटत नव्हतं आणि पटवायला मला आणखी पाच-सात वर्षं तरी लागली असती. मी तेवढी धरून चालले होते.

गणपती गेले आणि तुला ताप आला. विसर्जनाच्या गर्दीत फिरलीस, पाण्यात भिजलीस, म्हणून असेल म्हणालीस. लालबागला घर असलेल्या मला त्या दिवसांत कोणाचा ताप नवा नव्हता. हातावर निळे डाग दिसले तेव्हा तूच मला दाखवलेस. "बघ गं, बाकावर आपटलं असेल, पण आठवत नाही कधी." मग रक्त तपासलं. मग परळच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात, आपल्या शाळेपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. मी इतकी वर्षं त्याच्या दारावरून जात होते. पिशव्या पायाशी घेऊन फुटपाथवर बसलेली माणसं बघत होते. त्यांच्याकडे बघून कधी थांबले नव्हते, कारण थांबून मी करणार काय होते? मग मी त्यांच्यातच येऊन बसले. तेव्हाही तेच, करणार काय?

रक्त लागत होतं, प्लेटलेट लागत होत्या. त्यासाठी माणसं गोळा करायची हे काम मी अंगावर घेतलं. शाळेतले सर आले, तुझ्या चाळीतली मुलं आली, आमच्या मंडळाची पोरं मोटरसायकलवर बसून आली. मी सगळ्यात आधी खुर्चीवर जाऊन बसले होते. तिथल्या मुलीनं माझं बोट टोचलं, थेंब बघितला आणि म्हणाली, "मॅडम, तुमचंच कमी आहे. तुमचं नाही घेता येणार." मी म्हटलं, थोडं तरी घ्या. ती हसली. सुजा, माझं रक्तही तुझ्या कामाचं नव्हतं.

तुझ्याजवळ मास्क लावून, हात धुऊन, एकानंच जायचं. तुझा नवरा प्रकाश दिवसभर असायचा. शाळा सुटली की मी जायचे, तेवढा वेळ तो खाली जाऊन चहा घ्यायचा. तुझे केस गेले होते. तू म्हणालीस, "आता वाऱ्याचा विरोध कमी. सुसाट जाईन." मी हसले, मास्कच्या आत तोंड वेडंवाकडं झालं ते तुला दिसलं नसावं. एकदा तू जेवणाचा ट्रे उशीवर तिरका केलास आणि त्यावरून औषधाची रिकामी बाटली सोडायला लागलीस. "कार्यशाळेत उतार असा बदलत दाखवायचा. पुस्तकं नकोत, ट्रे बरा." बाटली खाली पडली, गडगडत पलंगाखाली गेली. केरळची सिस्टर धावत आली. "सुजाता टीचर, ये क्या है? आराम करो ना!" तू तिलाच विचारलंस, "सिस्टर, बाटली सरळ का नाही गेली?" ती बिचारी वाकून बघायला लागली. मग दोघी हसलात. हसून तुला धाप लागली आणि सिस्टरनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी उठून बाहेर गेले.

तिथेही गोटी निघालीच. "सानियाला सापडलं का?" तू विचारलंस. तुझा वर्ग तेव्हा मीच सांभाळत होते, पाचवी एका बाजूला, चौथी एका बाजूला, मधलं पार्टिशन सरकवून. मी म्हटलं, "नाही. आणि मी सांगणार आहे उद्या." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "सांगून बघ. उठून येईन."

मी नाही सांगितलं.

त्यानंतर काही दिवसांनी तू हळूच विचारलंस, "स्मिते, मी बरी होईन का गं?" कुठल्याही प्रश्नाला उत्तर असलंच पाहिजे, ते दिलंच पाहिजे, असं तुझ्याशी आयुष्यभर भांडलेली मी. हो म्हणावं तर तुला माझं खोटं लगेच कळायचं. मी तुझी चादर सारखी करत राहिले, ती सारखीच होती तरी. तू म्हणालीस, "राहू दे," आणि माझ्या मनगटावर बोटं ठेवलीस. त्या बोटांना काही वजनच नव्हतं. मला समजवायचं कामही तुलाच करावं लागलं.

मग जंतुसंसर्ग झाला आणि आम्हाला आत सोडणं बंद झालं.

रविवारी दुपारी मी मसाल्याच्या गल्लीत होते. दिवाळीला आलेल्या नणंदेला जाताना मसाला द्यायचा होता, म्हणून मिरच्या घेऊन मसाला कुटायच्या डंकावर उभी होते. प्रकाशचा फोन आला. डंक धाडधाड चालू. मला ऐकू येईना. मी ओरडले, "काय? मोठ्यानं बोला!" त्यानं पुन्हा सांगितलं. मला तरीही कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "काय?" त्या माणसाला ते वाक्य मी परत परत म्हणायला लावलं, सुजा. शेवटी तो ओरडला, "वहिनी, सुजाता गेली!" आणि मग त्याचा फोन खाली पडला बहुतेक.

मी तिथेच उभी राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कोणी वळूनही बघितलं नाही, कारण त्या गल्लीत मिरचीच्या खकाण्यानं सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत असतं. डंकवाला म्हणाला, "ताई, तोंडाला पदर लावा." मी लावला. मसाला झाला, तो पिशवीत भरून घेतला, आणि गरम पिशवी छातीशी धरून तुझ्या घराकडे चालायला लागले. तुझ्या दारात पोचले तरी ती हातातच होती. तुझ्या आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. तुझी आई, त्या क्षणी, माझी पिशवी ठेवत होती.

तुला काय सांगायचं राहिलं याचा मी विचार करते. मोठं काही सापडत नाही. शाळेत लागले तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून शिकवणारी बाई होते. पोरांकडे वळायला तू शिकवलंस. हे तुला ठाऊक असेलच, पण मी कधी म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणायची रीत नव्हती. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "बरी आहेस ना? डबा खा."

काल सोमवारी सुट्टी संपून शाळा उघडली. मोठ्या बाई म्हणाल्या, "चौथीला आत्ता लगेच काही सांगू नकोस. लहान आहेत. बाई रजेवर आहेत म्हण, हळूहळू सांगू." मी वर्गात गेले. नेहमी मी आत शिरले की जो गलका व्हायचा, तो नव्हता. सगळी गप्प बसली होती, हात बाकावर. चाळींतली पोरं, सुजा. त्यांना दिवाळीतच कळलेलं होतं. कोणाचा मामा रक्त द्यायला आला होता, कोणाची आई तुझ्या दारात येऊन गेली होती. रजेवर आहेत हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात.

मी म्हटलं, "तुम्हाला माहितीय ना?"

बऱ्याच जणांनी मान हलवली. मग पहिल्या बाकावरच्या श्रावणीनं हात वर केला. ही कधी फारशी बोलत नाही.

"बाई, सुजाता बाईंना दुखत होतं का?"

मी म्हटलं, "हो."

"मग तुम्ही काय केलं?"

मी म्हटलं, "काही नाही गं. काही करता आलं नाही. मी नुसती बसले होते तिच्याजवळ."

श्रावणीनं शेजारणीला कोपरानं ढकललं, दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि दोघी भिंतीकडे सरकल्या. बाकाच्या टोकाला थोडी जागा झाली. तिनं त्या जागेवर हात ठेवला.

ते बाक केवढंसं असतं, तुला माहीत आहे. गुडघे आत जात नाहीत. मी बाहेर पाय काढून कशीबशी बसले. पलीकडच्या बाजूला माझी पाचवी गोंगाट करत होती, तीही हळूहळू थांबली. घंटा होईपर्यंत मी तिथेच बसून राहिले, सुजा.